अन्नांतून होणारी विषबाधा

पोटांत कळ येऊन उलटी झाली, कीं घरांतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'शेवटचें काय खाल्लें होतें?' प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या उत्तरानें पुष्कळदां निरपराध माणसाच्या माथीं दोष येतो. सायंकाळीं चौपाटीवर भेळ खाल्ली आणि रात्रीं जुलाब सुरू झाले, तर भेळवाला गुन्हेगार ठरतो. वास्तविक दोष असतो सकाळच्या लग्नांतील रश्श्याचा, किंवा परवांच्या अर्धवट शिजलेल्या अंड्याचा. एकत्र कुटुंबांत तर ही गोष्ट फारच नाजूक होते. ज्या सुनेच्या वांट्याला त्या दिवशींचा स्वयंपाक आला असेल तिच्याकडे सर्वांच्या नजरा वळतात; आणि जेथें भाऊबंदकी जुनी आहे, तेथें 'कोणी तरी जेवणांत कांहीं घातलें' ही कुजबुज सुरू होण्यास वेळ लागत नाहीं. अशा कुजबुजीनें दुखावलेलीं मनें पोट बरें झाल्यावरहि बरीं होत नाहींत.

म्हणून अन्नविषबाधेचा विचार करूं लागतांना पहिला धडा घ्यावयाचा तो घड्याळाचा. अन्न पोटांत गेल्यापासून पहिलें लक्षण दिसेपर्यंत किती वेळ लोटला, यावरून विष कोणत्या जातीचें असावें याचा बराचसा तर्क करितां येतो. त्याच्या जोडीला दुसरें एक साधें गणित आहे. समजा, एका समारंभांत ६० माणसें जेवलीं. त्यांपैकीं ४० जणांनीं बासुंदी घेतली व त्यांतले ३० आजारी पडले. उरलेल्या २० जणांनीं ती घेतली नाहीं व त्यांत एकच आजारी पडला. मग पुरी, भाजी, कोशिंबीर यांच्याकडे बोट दाखविण्याचें कारण उरत नाहीं. सांथीचा तपास करणारे सरकारी डॉक्टर पहिल्यानें हेंच करितात : कोण काय जेवला आणि कोण काय जेवला नाहीं, याची यादी. जो जेवला नाहीं त्याची साक्ष जेवलेल्याइतकीच मोलाची असते.

आतां घड्याळाकडे वळूं. खाल्ल्यावर अवघ्या पांचदहा मिनिटांत मळमळ सुटली व तोंडाला तांबट चव आली, तर जंतूंवर संशय घेण्याचें कारण नाहीं. जंतु इतके घाईचे नसतात. ताक, चिंचेचें सार, लिंबाचें लोणचें असला आंबट पदार्थ तांब्याच्या किंवा पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यांत ठेवला, म्हणजे आम्लानें तांबें विरघळून पदार्थांत उतरतें. 'ताक कळकलें' हा जुन्या गृहिणींचा शब्द याच विषबाधेचा आहे. रसायनशास्त्राचें पुस्तक न उघडतां त्यांनीं ती अचूक ओळखली होती. कल्हईवाल्याची हांक शहरांतून आतां क्वचितच ऐकूं येते. पितळेचीं भांडीं मात्र हौसेनें पुन्हां स्वयंपाकघरांत येऊं लागलीं आहेत, हें ध्यानांत असूं द्यावें.

अशाच घाईचें, पण याहून शतपटीनें घातक असें विष म्हणजे पिकांवर मारण्याचें कीटकनाशक. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारमधील सारण जिल्ह्यांत गंडामन या गांवच्या प्राथमिक शाळेंत मध्यान्ह भोजन जेवून २३ मुलें दगावलीं. तपासणींत अन्नांत मोनोक्रोटोफॉस नांवाचें कीटकनाशक सांपडलें. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तें तेल खटकलें होतें. तरी तेंच वापरलें गेलें. या जातीच्या विषाचीं लक्षणें निराळीं असतात. तोंडाला लाळ सुटते, घाम व अश्रु वाहूं लागतात, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या बारीक होतात, स्नायु फडफडतात आणि श्वास लागतो. उलट, धोतऱ्याचें बीं पोटांत गेलें असेल तर तोंड कोरडें पडतें, बाहुल्या विस्फारतात व रोगी असंबद्ध बडबडूं लागतो. दोहोंपैकीं कोणतेंहि चित्र दिसलें, तर घरगुती उपायांत एक मिनिटहि घालवूं नये. मिठाचें पाणी पाजून उलटी करविण्याचा प्रघात अजून पुष्कळ घरांत आहे. तो सोडून द्यावा. कारण ग्लानींत असलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेंत जाऊन तो गुदमरूं शकतो. पहिल्या विषावर ॲट्रोपीन हा खात्रीचा उतारा आहे, आणि तो इस्पितळांतच मिळतो.

कोंकणांत व गोव्यांत आणखी एक प्रकार आढळतो, त्याचा उल्लेख केला पाहिजे. बांगडा किंवा कुपा बर्फावांचून उन्हांत राहिला, तर त्याच्या मांसांत जंतूंच्या क्रियेनें हिस्टामीन नांवाचें द्रव्य साठतें. असा मासा खाल्ल्यावर तासाभराच्या आंत तोंड लाल होतें, अंगावर गांधी उठतात व डोकें ठणकूं लागतें. लोक म्हणतात, 'याला मासा मानवत नाहीं.' दोष माणसाच्या प्रकृतीचा नसून माशाच्या प्रवासाचा असतो. एकदां तयार झालेलें हें द्रव्य कालवण कितीहि उकळलें तरी नाहींसें होत नाहीं.

मिनिटें सोडून तासांकडे आलें, म्हणजे जंतूंचें राज्य सुरू होतें. एक ते सहा तासांच्या आंत एकाएकीं जोराच्या उलट्या सुरू झाल्या, ताप नाहीं, आणि दिवसभरांत सर्व ओसरलें, तर अन्नांत विष आधींच तयार होऊन बसलें होतें असें समजावें. येथें जंतु पोटांत जाऊन वाढत नाहींत. ते अन्नांत वाढतात, विष सोडतात, आणि माणूस तें विष खातो. हा भेद कळण्यास फार दिवस लागले. गेल्या शतकाच्या आरंभीं एम्. ए. बार्बर हा अमेरिकन संशोधक फिलिपाइन्स बेटांत काम करीत असतां तेथील एका गोठ्यांतील दुधानें माणसें आजारी पडत. त्यानें तपासलें तेव्हां एका गाईच्या कासेला सूज होती. तिचें ताजें दूध बाधत नसे. तेंच कांहीं तास बाहेर उष्ण हवेंत राहिलें म्हणजे बाधे. बार्बरनें तें स्वतः पिऊन पाहिलें, दोनेक तासांत आजारी पडला, आणि १९१४ सालीं हा शोध प्रसिद्ध केला. त्या दुधांत पुंजक्यांनीं राहणारे गोल जंतु होते. स्टॅफिलोकोकस हें त्यांचें नांव. तेच जंतु पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकांत व गळवांत वस्तीला असतात. बोटाला गळूं झालेल्या आचाऱ्यानें खवा मळला, पेढे वळले, आणि ते पेढे गणपतीच्या गर्दींत दिवसभर उघड्यावर राहिले, कीं पुढील कथा सांगावयास नको. यांतील मुख्य अडचण अशी, कीं जंतु उकळीनें मरतात, पण त्यांनीं सोडलेलें विष अर्धा तास उकळूनहि टिकतें. 'पुन्हां गरम केलें म्हणजे झालें' ही समजूत येथें पार खोटी ठरते.

याच वर्गांतला दुसरा गुन्हेगार मराठी घरांत रोज सकाळीं येऊं शकतो. तांदुळांत मातींतून आलेले बॅसिलस सीरिअस नांवाच्या जंतूंचे बीजाणु असतात. बीजाणु म्हणजे जंतूनें कठीण कवच घेऊन पुकारलेली झोंप. भात शिजतांना ती मोडत नाहीं. भात कोमट झाला कीं बीजाणु जागे होतात व वाढूं लागतात. अनुकूल उष्णतेंत पुष्कळ जंतु वीस मिनिटांनीं दुप्पट होतात. रात्रीं दहा वाजतां जागा झालेला एकच जंतु पहाटे पांच वाजेपर्यंत २१ वेळां दुप्पट झाला, तर त्याचे २०,९७,१५२ होतात. कोणत्याहि विद्यार्थ्यानें पाटीवर करून पाहावें असें हें गणित आहे. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील चिनी उपाहारगृहांत परतलेला भात खाऊन अनेक माणसें आजारी पडलीं, तेव्हां या जंतूकडे वैद्यांचें लक्ष विशेष वेधलें. भात मोठ्या प्रमाणांत आधीं शिजवून तो तसाच बाहेर ठेवण्याची तेथें रीत होती. या जंतूचें उलटी आणणारें विष १२१ अंश सेंटिग्रेडच्या उष्णतेलाहि दाद देत नाहीं. मग मोहरी-हळदीच्या फोडणीची काय कथा? म्हणून फोडणीचा भात वर्ज्य करावा, असें कोणी म्हणणार नाहीं. शिळ्या भाताचा तो सद्गतीचा मार्ग आहे व चविष्टहि आहे. भात रात्रीं ओट्यावर झांकून ठेवण्याऐवजीं ताटांत पसरून लौकर निववावा व तासादोन तासांत फ्रीजमध्यें ठेवावा, एवढें केलें म्हणजे पुरे.

सहा ते चोवीस तासांनीं, बहुधा दहाबारा तासांनीं, पोटांत पीळ पडून पातळ जुलाब होतात, उलटी जवळजवळ नसते व तापहि नसतो, असा जो प्रकार आहे, तो पंगतीच्या मोठ्या डेगींतून निघतो. मटणाचा रस्सा किंवा घट्ट आमटी चांगली खळखळून शिजवावी, डेग झांकावी आणि निर्धास्त व्हावें, येथेंच घोटाळा होतो. शिजतांना अन्नांतील हवा निघून जाते; हवा नको असणारे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे जंतु नेमके त्या निर्वात पदार्थांत सुखावतात. डेगीच्या कडा निवल्या तरी पोट तासन्‌तास कोमट राहतें. साधारण ५ ते ६० अंश सेंटिग्रेड हा जंतूंचा सुगीचा काळ, आणि मोठें भांडें त्यांत रात्रभर रेंगाळतें. रस्सा लहान पातेल्यांत व परातींत वांटून निवविला, तर तो हाच टप्पा झपाट्यानें ओलांडतो.

याहून पुढें बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंतची मजल असेल आणि अंगांत तापहि असेल, तर जंतु आंतड्यांत जाऊन तेथेंच वाढले असें मानावें. जर्मनींत फ्रँकेनहाउझेन येथें १८८८ सालीं एका आजारी गाईचें मांस खाऊन पुष्कळ लोक आजारी पडले. डॉ. गेर्टनर यांनीं त्या मांसांत आणि मेलेल्या एका रोग्याच्या शरीरांत एकच जंतु दाखवून दिला. आज तो साल्मोनेला या कुळांत मोडतो. तोंपर्यंत अन्न सडलें म्हणजे त्यांत 'टोमेन' नांवाचीं विषें उत्पन्न होतात व तींच बाधतात, असा विद्वानांचा समज होता. तो समज शास्त्रानें टाकून दिला तरी घरोघर अजून जिवंत आहे. 'वास आला नाहीं, चव चांगली होती, मग अन्न कसें वाईट?' हा युक्तिवाद त्याचाच वंशज आहे. अन्न नासविणारे जंतु आणि माणसाला पाडणारे जंतु हे बहुधा निरनिराळे असतात. आंबलेली डाळ स्वतःची जाहिरात करते. साल्मोनेला असलेलें अंडें मुकें असतें.

विषमज्वर आठदहा दिवसांपासून तीन आठवड्यांनीं, तर एक प्रकारची कावीळ सुमारें चार आठवड्यांनीं उद्भवते. तीं दोन्हीं अन्नपाण्यांतूनच येतात. पण त्या वेळीं काय खाल्लें होतें, हें कोणाच्या ध्यानांत राहणार?

महाराष्ट्रांत सामुदायिक विषबाधेच्या ज्या बातम्या येतात, त्यांत उपवासाच्या दिवसांचा भरणा डोळ्यांत भरण्यासारखा असतो. २०२४ च्या फेब्रुवारींत बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत सोमठाणा येथें एकादशीचा प्रसाद घेऊन शेंकडों माणसें आजारी पडलीं; दवाखान्यांत जागा पुरली नाहीं आणि झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. भगरीच्या बाबतींत विशेष सावधगिरी लागते, कारण दमट हवेंत तिच्यावर बुरशी धरते आणि कांहीं बुरशा विष सोडतात. दळलेल्या पिठाला ओल अधिक लौकर लागते. म्हणून सुटें पीठ विकत न आणतां, अखंड, स्वच्छ, बांधीव पुड्यांतील भगर आणून निवडून, धुऊन, लागेल तेवढीच घरीं दळावी, असा सल्ला नवरात्राच्या सुमारास अन्न व औषध प्रशासन देत असतें. ज्या घरीं वर्षांतून चार वेळां भगर शिजते, त्या घरीं गेल्या शिवरात्रीचा उरलेला पुडा डब्याच्या तळाशीं सांपडणें अशक्य नसतें. तो टाकून द्यावा.

आतां उपचार. बहुतेक रोगी विषानें मरत नाहींत. अंगांतलें पाणी व क्षार निघून गेल्यानें मरतात, आणि त्यांत लहान मुलें व वृद्ध माणसें पहिलीं असतात. असें असूनहि जुलाब होणाऱ्या मुलाचें पाणी तोडण्याची चाल कित्येक घरांत अद्याप आहे. 'पाणी दिलें कीं पुन्हां होतें' असें म्हणून माय तहानेलेल्या लेकराला तसेंच ठेवते. यासारखी घातक माया दुसरी नसेल. जुलाब चालू असतांनाहि आंतड्याची एक वाट उघडी असते : साखर व मीठ एकत्र आलें, कीं आंतडें तीं दोन्हीं ओढून घेतें आणि त्यांच्याबरोबर पाणीहि रक्तांत जातें. नुसतें पाणी किंवा नुसतें मीठ हें काम तितकें करीत नाहीं.

या ज्ञानाची खरी परीक्षा १९७१ सालीं बंगालमध्यें झाली. बांगलादेशाच्या युद्धामुळें सीमेवर बनगांव येथें निर्वासितांची गर्दी लोटली आणि पटकीची सांथ फुटली. शिरेंतून देण्याच्या सलाईनचा सांठा पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर व क्षार मोजून पाण्यांत मिसळविले, तें पाणी पिंपांत भरून ठेविलें, आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पेल्यानें पाजावयास सांगितलें. शेंकडा तीसच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण त्यांच्या देखरेखीखालीं शेंकडा चारच्या आंत आलें. त्या दिवसांत कित्येक अनुभवी डॉक्टरांना या उपायावर विश्वास ठेवणें जड गेलें, कारण त्यांत सुई नव्हती.

आज तेंच मिश्रण ओआरएस या नांवानें औषधाच्या दुकानांत पुडींत मिळतें. पुडीवर लिहिलें असेल तेवढ्याच पाण्यांत ती संबंध विरघळवावी; मोठी पुडी एक लिटरची असते, लहान पुड्याहि असतात. अर्धी पुडी अंदाजानें घालूं नये, आणि केलेलें पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यावें. पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. मिठाचा हात येथें सैल पडतां कामा नये. चव अश्रूंपेक्षां खारट लागली तर तें मिश्रण ओतून द्यावें. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलास १०० ते २००, आणि प्रौढास मागेल तितकें द्यावें. उलटी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां चमच्याचमच्यानें सुरू करावें. चमच्यानें पाजणें कंटाळवाणें असतें. पण पेलाभर एकदम पाजून तो सर्व उलटून पडण्यापेक्षां तें बरें. अंगावरचें दूध कधींहि तोडूं नये. भाताची पेज, मऊ भात व ताक, वरणाचें पाणी हें सर्व चालतें. बाटलींतील फार गोड पेयें मात्र टाळावीं. जास्त साखर आंतड्यांत उलट पाणी ओढून जुलाब वाढविते. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानें दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या दिल्या, तर दुखणें लौकर आटोपतें.

जुलाब तात्काळ बंद करणाऱ्या गोळ्यांचा मोह सर्वांना असतो. ताप असेल किंवा शौचांतून रक्त पडत असेल तर त्या घेऊं नयेत, आणि लहान मुलांस कधींच देऊं नयेत. जंतुनाशक औषधेंहि बहुसंख्य रोग्यांना लागत नाहींत. शेजाऱ्याच्या कपाटांत उरलेल्या चार गोळ्या हें औषध नव्हे.

डॉक्टरकडे केव्हां धांवावें? शौचांत रक्त आलें, ताप ३९ अंश सेंटिग्रेडवर गेला, पाण्याचा घोंटहि ठरत नाहीं, सहाआठ तास लघवी झाली नाहीं, डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटींत धरून सोडली असतां सावकाश बसते, किंवा मूल सुस्त पडून हांकेला ओ देईना, तर तात्काळ. तान्हें मूल, गर्भार स्त्री, वृद्ध किंवा मधुमेहासारखा जुना विकार असलेला रोगी, यांच्या बाबतींत इतकीहि वाट पाहूं नये. रात्र असेल तर महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते.

एका विषबाधेंत मात्र पोट फारसें तक्रारच करीत नाहीं. १८९५ च्या डिसेंबरांत बेल्जममधील एलझेल या गांवीं प्रेतयात्रेस आलेल्या वाजंत्र्यांनीं खारविलेली डुकराची तंगडी खाल्ली. त्यांना एकाचे दोन दिसूं लागले, पापण्या मिटूं लागल्या, गिळवेना. तिघे मरण पावले. व्हान एर्मेंगेम यांनीं त्या मांसांतून बोट्युलिझमचा जंतु वेगळा काढला. हवाबंद डब्यांतील व बरण्यांतील कमी आंबट पदार्थ हा त्याचा आवडता मुक्काम; फुगलेला डबा चाखूनहि पाहूं नये. याच जंतूचे बीजाणु मधांत असूं शकतात. मोठ्या माणसाला ते बाधत नाहींत. पण तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत ते रुजून विष सोडूं शकतात, हें १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत उघडकीस आलें. जन्मल्याबरोबर बाळाच्या जिभेला मध लावण्याची आणि बाळगुटी मधांत उगाळण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. वर्ष पुरें होईपर्यंत मुलाला मधाचें बोट लावूं नये, आजीचा कितीहि आग्रह असला तरी.

आणखी एक काम घरच्यांनीं करावयाचें असतें, आणि तें बहुधा राहून जातें. अनेक माणसें एकदम आजारी पडलीं, कीं घाबरून किंवा लाजेनें उरलेलें अन्न फेकून भांडीं घांसून ठेवण्याची घाई होते. तसें करूं नये. संशयित पदार्थाचा थोडा भाग स्वच्छ, घट्ट झांकणाच्या डब्यांत घालून, 'खाऊं नये' अशी चिठ्ठी चिकटवून, फ्रीजमध्यें ठेवावा. डब्यावर पदार्थाचें नांव, शिजविल्याची वेळ आणि जेवल्याची वेळ लिहावी. बाहेरून आणलेलें असेल तर पुडा व पावती जपावी, आणि हें सर्व आरोग्य खात्याच्या किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या माणसाच्या स्वाधीन करावें.